दंतवैद्याकडे दात घासायला शिकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्ण आम्हाला फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि बऱ्याचदा खुर्चीतून उठता उठता जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. रूट कॅनॉल, कॅप, इम्प्लांट यांविषयीचे प्रश्न येथे घेतलेले नाहीत. दातांची घरची निगा आणि ती दवाखान्यात कशी शिकवली जाते, एवढाच येथील विषय आहे.

१. मी चाळीस वर्षे दात घासतो आहे. आता ते दवाखान्यात जाऊन काय शिकायचे?

बहुतेकांनी दात घासणे मोरीत किंवा बेसिनजवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे पाहून उचललेले असते आणि त्यानंतर ते कधी कोणी तपासलेले नसते. हात एकाच चालीने फिरत राहतो, त्यामुळे ज्या जागा सुटतात त्याही दररोज त्याच असतात. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडील बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू या लाळग्रंथींच्या तोंडांजवळ येतात. तेथे राहिलेला जिवाणूंचा मऊ थर लाळेतील क्षारांमुळे लवकर टणक होतो आणि त्यालाच आपण कीटण म्हणतो. शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूला तर कित्येकांचा ब्रश कधी पोहोचलेलाच नसतो. दवाखान्यात या सुटणाऱ्या जागा शोधून तेवढ्यापुरती तुमच्या हाताची चाल बदलायची असते. बाकीचे तुम्हाला येतच असते.

२. पहिल्या वेळी नेमके काय करतात आणि किती वेळ लागतो?

साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. येताना घरचा रोजचा ब्रश घेऊन यावा, नवा विकत आणू नये. त्याच्या पसरलेल्या केसांवरूनच निम्मी कहाणी कळते. प्रथम तुम्हाला नेहमीप्रमाणे दात घासायला सांगितले जाते, मग दातांना रंग लावून राहिलेला थर आरशात दाखवला जातो (प्रश्न ३ पाहा), त्यानंतर ब्रश कसा धरायचा ते आधी प्लॅस्टिकच्या जबड्यावर आणि मग तुमच्या तोंडात करून दाखवले जाते. शेवटी ब्रश तुमच्या हातात येतो आणि डॉक्टर नुसते पाहत बसतात.

हा शेवटचा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि गर्दीच्या वेळी नेमका तोच गाळला जातो. जबड्यावर दाखवून, हातात पत्रक देऊन पाठवणी केली असेल तर शिकवणे अर्धेच झाले आहे. अशा वेळी ‘मी करून दाखवते, बरोबर आहे का पाहा’ असे रुग्णाने स्वतःहून म्हणावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

३. दातांना लावतात तो गुलाबी रंग कसला असतो? निघतो ना?

तो बहुधा एरिथ्रोसिन हा खाद्यरंग असतो. स्वच्छ दातावर तो टिकत नाही, जिवाणूंच्या चिकट थराला मात्र धरतो. काही ठिकाणी दोन रंगांचे द्रावण वापरतात. त्यात ताजा थर गुलाबी आणि एक-दोन दिवसांचा जुना थर जांभळा-निळा दिसतो. दातांवर चढलेला हा रंग ब्रशने निघतो. ओठांवर आणि जिभेवर थोडी छटा काही तास राहते, म्हणून आधी ओठांना व्हॅसलिन लावतात. संध्याकाळी साखरपुडा असेल तर त्या दिवशी येऊ नये, आणि खाद्यरंगाची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे.

या रंगावरून टक्केवारीही काढता येते. १९७२ साली ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक दाताच्या चार बाजू मोजतात. अठ्ठावीस दात असतील तर ११२ बाजू होतात. त्यांतील ५६ रंगल्या तर आकडा ५० टक्के. तो १० टक्क्यांच्या आसपास आणणे हे उद्दिष्ट असते. शाळेत ९० टक्के मिळवणाऱ्यांना येथे ९० टक्के मिळाले की धक्का बसतो, पण पहिल्या वेळी आकडा मोठा येणे अगदी नेहमीचे आहे.

४. आम्हाला डॉक्टरांनी नाही, त्यांच्या सहाय्यक मॅडमनी शिकवले. हे चालते का?

त्या प्रशिक्षित आणि नोंदणीकृत डेंटल हायजिनिस्ट असतील तर उत्तम चालते. आपल्याकडील १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने हायजिनिस्टची वेगळी व्याख्या केली आणि दात साफ करण्याबरोबर दातांच्या स्वच्छतेचे शिक्षण देणे हे त्या व्याख्येतच धरले. जगात या व्यवसायाची सुरुवातही शिकवण्याच्या कामातून झाली. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९१३ मध्ये काढलेल्या वर्गातून बाहेर पडलेल्या स्त्रिया तेथील शाळांमध्ये मुलांना दात घासायला शिकवू लागल्या. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत हायजिनिस्ट क्वचितच असतात. अप्रशिक्षित सहाय्यकाने ब्रशची पद्धत समजावली तर हरकत नाही, मात्र दात साफ करण्याचे उपकरण त्यांच्या हाती नसावे.

५. ब्रश नक्की कसा धरायचा? प्रत्येक डॉक्टर वेगळे सांगतात.

पद्धती अनेक आहेत, म्हणून सांगण्यात फरक पडतो. मोठ्या माणसांना बहुधा बास यांची पद्धत किंवा तिचा सुधारित प्रकार शिकवतात. ब्रशचे केस दात आणि हिरडी जेथे भेटतात त्या रेषेवर, हिरडीच्या दिशेने साधारण ४५ अंशांत टेकवायचे, जागेवरच अगदी लहान थरथर द्यायची आणि मग ब्रश चावण्याच्या पृष्ठभागाकडे वळवत न्यायचा. एका वेळी दोन-तीन दातच घ्यायचे. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. क्रम ठरलेला असला की जागा सुटत नाहीत: वरची उजवी बाहेरची बाजू येथून सुरू करून संपूर्ण फेरी पुरी करावी आणि सगळे मिळून दोन मिनिटे द्यावीत. शेवटी जिभेवरून पट्टी मागून पुढे दोन-तीनदा हलकेच फिरवावी.

हिरड्या खाली सरकल्या असतील, तारा लावल्या असतील किंवा मूल लहान असेल, तर पद्धत बदलते, म्हणून घरातील एकाला शिकवलेले सर्वांना लागू पडत नाही. बॅटरीवर चालणारा ब्रश असेल तर तो घासायचा नसतो. एकेका दातावर टेकवून धरायचा असतो. असे ब्रश साध्या ब्रशपेक्षा थर काहीसा अधिक काढतात, पण ज्याचा हात साध्या ब्रशने नीट चालतो त्याने त्यासाठी खर्च करण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

६. मऊ ब्रशने घासल्यासारखेच वाटत नाही. कडक घेऊ का?

नको. काढायचा थर मऊ असतो, त्याला जोर लागत नाही; आणि जो टणक झाला आहे तो कोणत्याच ब्रशने निघत नाही. कडक ब्रश आडवा रेटल्याने हिरडी खाली सरकते, दाताच्या मानेशी खाच पडते आणि मग गार पाणी प्यायले की कळ जाते. केस पसरले की, किंवा साधारण तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा.

७. घासताना रक्त येते म्हणून मी ती जागा सोडून देते. बरोबर ना?

बहुधा याच्या उलट करायला हवे. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. रक्त येते ते तेथे थर साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि जागा सोडली की थर वाढतो. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग आम्ही रुग्णांना नेहमी सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात.

म्हणून त्या जागी मऊ ब्रश हलक्या हाताने, पण नियमाने फिरवावा. दहा-बारा दिवसांत रक्त कमी झाले नाही तर खाली टणक कीटण असण्याची शक्यता आहे आणि ते दवाखान्यातच काढावे लागते. कीटण काढल्याने दात हलू लागतात हा समज चुकीचा आहे. आधीच हलत असलेल्या दातांना कीटणाचा आधार मिळालेला असतो, तो गेल्यावर हलणे जाणवते एवढेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास प्रश्न १९ पाहावा.

८. पेस्ट कोणती वापरायची? लवंगेची, मिठाची, कोळशाची, आयुर्वेदिक?

ट्यूबवर फ्लोराइड लिहिले आहे का, एवढे पाहावे. आपल्याकडे नियमाप्रमाणे टूथपेस्टमधील फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त असू नये आणि त्याचे प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर छापलेले असावे, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. लवंग आणि मीठ चवीसाठी ठीक आहेत. राखुंडी आणि कोळशाची भरड पूड दाताचे आवरण झिजवते, ती रोज वापरू नये. कडुलिंबाची काडी चावून ब्रशसारखी नीट फिरवली तर थर निघतो, परंतु तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही आणि आतल्या बाजूंना ती पोहोचत नाही.

मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि त्यावर भराभर चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ टिकते. आमच्या सांगण्यातील सर्वांत जास्त विरोध याच गोष्टीला होतो, कारण खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्याचे समाधान आपल्याला मिळत नाही.

९. दातांच्या फटीत अडकते. टाचणी, आगकाडी यांऐवजी काय वापरू?

दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे खास दोरा, वापरावा. साधारण हाताएवढा तुकडा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून, करवतीसारखा हळूहळू आत न्यावा आणि दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली फिरवावा. एकदम दाबला तर हिरडी कापते. फटी मोठ्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे बारीक फटीचे ब्रश अधिक चांगले काम करतात. त्यांचे माप दवाखान्यातच ठरवून घ्यावे, कारण एकाच तोंडात दोन मापे लागू शकतात. एकाच फटीत रोज अडकत असेल तर तेथे कीड किंवा निसटलेले सिमेंट असू शकते, म्हणून दाखवून घ्यावे.

१०. माऊथवॉश वापरला तर ब्रश एकदाच केला तरी चालेल का?

चालणार नाही, चिकटलेला थर चुळीने निघत नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन असलेला माऊथवॉश दिला असेल तर तो सांगितलेल्या दिवसांपुरताच, बहुधा दोन आठवडे, वापरावा, कारण पुढे दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. पेस्टमधील फेसाच्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दोहोंमध्ये अर्धा तास ठेवावा.

११. शेवटच्या लोकलने घरी पोहोचतो, तेव्हा उभे राहायचे त्राण नसते. रात्रीचा ब्रश सकाळी भरून काढता येईल का?

रात्रीचाच ब्रश अधिक मोलाचा आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि लाळ हीच आम्ल धुऊन काढणारी गोष्ट आहे. खाल्ल्यानंतर थरातील जिवाणू आम्ल तयार करतात, तोंडातील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचे आवरण विरघळू लागते, आणि लाळ ते सावरायला साधारण अर्धा ते एक तास घेते. झोपेत हे सावरणे मंदावते.

अशा रुग्णांना आम्ही ब्रशची वेळ झोपेशी न बांधता जेवणाशी बांधायला सांगतो. डबा खाल्ल्यावर कार्यालयातच घासावे आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. रबाळे-महापे भागातील रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘रात्र’ म्हणजे आपली झोप असे समजावे. सकाळी नऊला झोपणार असाल तर साडेआठचा ब्रश हा तुमचा रात्रीचा ब्रश. पाळीत दर तासाला येणारा गोड चहा हा वेगळा शत्रू आहे: दिवसातून किती वेळा गोड पोटात गेले हे, किती गेले याहून दातांना जास्त बाधते. कोकम सरबत, लिंबूपाणी किंवा कोला घेतल्यावर मात्र लगेच घासू नये, अर्धा तास थांबावे.

१२. उपवासाला आणि नवरात्रात पेस्ट चालत नाही. मग नऊ दिवस काय करायचे?

पेस्ट न लावता ओल्या ब्रशने घासावे. थर काढण्याचे काम मुख्यतः ब्रशचे केस करतात, त्यामुळे व्रत न मोडता बराचसा हेतू साधतो. साबुदाणा, राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर दाढांच्या खळग्यांत चिकटून बसतात, म्हणून या दिवसांत घासणे टाळणे उलट महाग पडते.

१३. माझी आई वर्षानुवर्षे मिश्री लावते. तिने दात तर चांगले राहिले म्हणते. तिला कसे समजवायचे?

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दात साफ करण्यासाठी म्हणून सुरू होते आणि निकोटिनमुळे सवय बनते. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे अनेक आजी-मावश्या सांगतात, ते त्या सवयीचेच लक्षण आहे. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कोणतीच बंदी अडवत नाही.

दवाखान्यात रागावून काही साधत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आजी पुढच्या वेळी येत नाहीत, किंवा येताना मिश्री सोडल्याचे सांगतात आणि हिरडीवरचा काळा पट्टा खरे काय ते सांगतो. म्हणून आधी नुसते विचारतो: दिवसातून किती वेळा लावता, कुठे धरून ठेवता, शेवटची केव्हा लावता. मग आरसा हातात देऊन मिश्री धरतात तीच जागा त्यांना दाखवतो. तेथे हिरडी खाली गेलेली, कधी गालाच्या आत पांढरा चट्टा आलेला दिसतो. चारपैकी दुपारची एक फेरी सोडा, एवढेच पहिल्या भेटीत मागतो. सकाळच्या मिश्रीऐवजी ब्रश हाती देणे सर्वांत शेवटी जमते. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावरही मदत मिळते.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसल्यास समजावण्यात वेळ न घालवता त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

१४. मुलगा पाच वर्षांचा आहे, स्वतःच ब्रश करतो. आम्ही लक्ष द्यायला हवे का?

हवे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या मनगटाला ही बारीक हालचाल जमत नाही. ज्याला बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येते त्याला ब्रश जमतो, असा एक ढोबळ अंदाज आहे. तोवर त्याने आधी घासावे आणि नंतर मोठ्यांनी त्याच्या मागे उभे राहून, त्याचे डोके आपल्या पोटाशी टेकवून, गोल गोल फिरवत पुन्हा घासावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पहिला दात आला की घासणे सुरू होते आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवलेले चांगले.

आई-वडील दोघेही नोकरीला असतील तर मुलाला प्रत्यक्षात झोपवणाऱ्या आजीला किंवा सांभाळणाऱ्या मावशींना दवाखान्यात बरोबर आणावे. शिकायचे त्यांना असते. झोपताना तोंडात दुधाची बाटली राहू देऊ नये, वरचे पुढचे दात त्यानेच काळे पडतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ ही कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

१५. मुलीला तारा लावल्या आहेत. एवढ्यात ब्रश जाणार कसा?

तारेच्या वरून खाली आणि खालून वर अशा दोन फेऱ्या कराव्यात आणि तारेखाली फटीचा ब्रश घालावा (प्रश्न ९ पाहा). तारा काढल्यावर दातांवर राहणारे पांढरे चौकोनी डाग तारांमुळे पडत नाहीत. तारेसाठी दातावर चिकटवलेल्या चौकटीभोवती राहिलेल्या थराने पडतात.

१६. पाचवा महिना आहे. पेस्ट तोंडात घेतली की उलटी होते.

लहान तोंडाचा ब्रश घ्यावा, पेस्ट बदलून किंवा न लावता घासावे आणि मळमळ कमी असेल ती वेळ निवडावी. उलटीनंतर लगेच घासू नये. पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. या काळात हिरड्या थोड्याशा थरानेही सुजतात. दात साफ करून घेणे गरोदरपणात सुरक्षित आहे.

१७. शिकवलेले पंधरा दिवस लक्षात राहते, मग हात जुन्या वळणावर जातो. हे माझेच होते का?

सर्वांचेच होते, आणि म्हणूनच एकदा शिकवून सोडून देणाऱ्या दवाखान्याला आम्ही पूर्ण गुण देत नाही. दोन-तीन आठवड्यांनी एकदा केवळ रंग लावून पाहण्यासाठी यावे. त्या वेळी आधीच्या टक्केवारीशी तुलना होते आणि बहुधा एक-दोन जागांचीच दुरुस्ती उरते. पुढे सहा महिन्यांनी पुरते. मधुमेह असेल, किंवा हिरड्यांचा जुना आजार असेल, तर तीन महिन्यांनी. अनियंत्रित साखरेने हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

१८. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही. हे दुसरीकडे शिकता येते का?

नवी मुंबईत नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत खासगीपेक्षा कमी खर्चात उपचार होतात. तेथे वेळ जास्त जातो. पण विद्यार्थ्याला ब्रशची पद्धत शिकवून ती शिक्षकांना दाखवायची असते, त्यामुळे घाईच्या दवाखान्यापेक्षा तेथे शिकवणे अनेकदा अधिक सविस्तर होते.

१९. हृदयाच्या त्रासासाठी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. प्रश्न ७ मधील सल्ला मला लागू आहे का?

लागू आहे, फक्त ब्रश अतिमऊ घ्यावा आणि फ्लॉस शिकून झाल्यावरच वापरावा. रक्त दहा-पंधरा मिनिटे दाबूनही थांबत नसेल, किंवा ब्रश न करताही येत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. दात साफ करायचे आहेत म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

२०. वडिलांना कंपवात आहे, खाली कवळी आणि वर काही दात आहेत. त्यांना कसे शिकवायचे?

ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचे रबर चढवावे, म्हणजे पकड जमते; बॅटरीवरचा ब्रशही त्यांना सोयीचा पडतो. उरलेले दात बसून, टेबलाला कोपर टेकवून घासावेत. कवळी रात्री काढून साध्या गार पाण्यात ठेवावी. ती गरम पाण्याने वाकडी होते आणि पेस्टने तिच्यावर चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य द्रव वापरावा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावे किंवा टॉवेल पसरावा. निसटलेली कवळी मग फुटत नाही.

२१. काकांच्या गालाच्या कर्करोगासाठी खारघरला रेडिएशन ठरले आहे. त्याआधी दातांचे काही करायचे असते का?

असते, आणि ते रेडिएशन सुरू होण्याआधीच करायचे असते. वाईट दात काढायचे असतील तर ते आधी काढून जखम भरू द्यावी लागते, कारण रेडिएशन मिळालेल्या जबड्याचे हाड नंतर नीट भरून येत नाही. म्हणून पुढे कित्येक वर्षांनीही दात काढायची वेळ आली तरी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये आणि नव्या दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचे पहिल्याच भेटीत सांगावे.

उपचारांच्या काळात लाळ आटते, तोंड सोलवटते आणि नेहमीची पेस्ट झोंबते. त्या वेळी अतिमऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून वापरावा, मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा हलकी चूळ भरावी आणि अल्कोहोल असलेला माऊथवॉश टाळावा. लाळ कमी झाल्याने काही महिन्यांत दातांच्या मानेभोवती कीड लागते. ती टाळण्यासाठी डॉक्टर अधिक तीव्रतेचे फ्लोराइड रोज लावायला देतात, आणि ते लाळ परत येईपर्यंत, अनेकांच्या बाबतीत कायमच, चालू ठेवावे लागते. हे लावण्याची पद्धत रुग्णाबरोबर घरातील आणखी एकाने शिकून घ्यावी, कारण थकव्याच्या आठवड्यांत रुग्णाला ते स्वतः जमत नाही.